त्यांच्या वाटची वाटी

"तो काही ऐकायचा नाही. त्याच्या वाटचं तू करत जा. त्याला आयतं पोचतं."

लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं होतं, तेही हातातली माळ न थांबवता. 'तो' म्हणजे त्यांचा मुलगा, आमचे हे. यांच्या वाटचे उपास लहानपणापासून सासूबाईंनी केले, यांच्या आजारपणात बोललेले नवस त्यांनी फेडले, परीक्षेच्या सकाळी देवाला नमस्कारसुद्धा यांच्या वतीने त्यांनीच घातला. आणि हे पास झाले. त्यामुळे पद्धतीत काही चूक आहे असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. सासूबाई गेल्या आणि ते सगळं खातं माझ्याकडे आलं. मी नेम पाळते, हे जेवतात. देवाचीही कधी तक्रार आली नाही.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही दोघं, आणि समोरच्या घरात माझी नणंद. गल्लीत यांना सगळे भिंगवाले म्हणतात. भिंग घासून फ्रेममध्ये बसवावं, दांडी गरम करून कानामागे अलगद टेकेल इतकीच वाकवावी, तर ती यांनीच. यात यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरजही पडत नाही, हे स्वतःच सांगतात.

कामाच्या टेबलावर सासऱ्यांच्या वेळची जाड काचेची एक पाटी आहे. तयार चष्मा दांड्या उघडून तिच्यावर ठेवायचा. सगळीकडून टेकला तर सरळ, डुलला तर कुठेतरी वाकडा. सासरे प्रत्येक चष्मा त्या पाटीवर ठेवून मगच गिऱ्हाइकाच्या हातात देत. हे तिच्यावर चहाचा कप ठेवतात.

"माझी नजर हीच पाटी," असं यांचं म्हणणं.

तर त्या नजरेत डाग आला. म्हणजे यांच्या मते तो काचेवर होता. स्वतःच्या चष्म्याची भिंगं यांनी पुन्हा पुन्हा बदलली, कोमट पाण्याने धुतली, मऊ फडक्याने पुसली. डाग जागचा हलेना. शेवटी नणंद म्हणाली, "दादा, काचेवरचा डाग काचेबरोबर जातो. हा तुझ्याबरोबर फिरतोय. डॉक्टरकडे जा."

"मी चष्मेवाला आहे."

"म्हणूनच म्हणते. न्हाव्यालाही स्वतःचे केस कापता येत नाहीत."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने आम्हाला मुलगी शोभतील अशा. त्यांनी यांच्या डोळ्यांत औषध घातलं, बराच वेळ आत डोकावून पाहिलं आणि मग खुर्ची पुढे ओढून समजावायला बसल्या.

"काका, डोळ्याच्या पडद्यावर अगदी मधोमध एक पिवळा ठिपका असतो. तुम्ही स्क्रू बसवता, माणसाचा चेहरा ओळखता, ते त्याच्या जिवावर. त्याचा पिवळा रंग म्हणजे आतून चढवलेलं गॉगलचं कोटिंग समजा. झगझगीत उजेड गाळून घ्यायला. त्या रंगाचं नाव ल्युटीन. त्याला एक जुळी बहीण आहे, झिअ‍ॅझॅन्थिन. तुमच्या त्या ठिपक्याची झीज सुरू झालीय."

कोटिंग म्हटल्यावर हे सावरून बसले. आपल्या धंद्यातला विषय निघाला होता. "मग नवीन चढवा की."

"बाहेरून चढवता येत नाही. आणि शरीराला ते बनवताही येत नाही. खाण्यातूनच माल यावा लागतो."

"घाऊक व्यापारी कोण?"

"हिरव्या पालेभाज्या. मका. अंडं चालत असेल तर त्यातलं पिवळं."

यांचा चेहरा पडला. यांना बटाटा ही एकच भाजी ओळखते, आणि हेही तिला एकटीलाच ओळखतात. "गाजरावर नाही का भागणार?"

"गाजर चांगलंच आहे, त्यातनं अ जीवनसत्त्व मिळतं. पण ते एकटं कुठे कुठे पुरणार? संत्र्या-पेरूतलं क हवं, बदामातलं ई हवं, डाळी आणि बियांतलं जस्त हवं. डोळा दिवसभर उजेड झेलतो, त्याने आत गंज चढत असतो. ही अँटिऑक्सिडंट मंडळी तो चढू देत नाहीत."

"म्हणजे स्क्रूला तेलाचा थेंब."

"अगदी तसंच. आणि खरंच भाजीत थोडं तेल हवं, नाहीतर ल्युटीन अंगी लागत नाही. एक मात्र सांगते, झिजलेलं यातून भरून येत नाही. आहे ते टिकवायचं. नाहीतर मधली नजर जाईल. कडेकडेचं दिसत राहील, पण स्क्रू दिसणार नाही."

स्क्रू दिसणार नाही हे ऐकून यांनी एकदम मान डोलावली. मला वाटलं, सुधारले.

डॉक्टरीणबाईंनी चौकटी-चौकटींचा एक कागद दिला होता. तो मी कपाटाच्या दारावर चिकटवला. रोज एक डोळा झाकून त्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसू लागल्या तर लगेच यायचं. आणि त्याच दिवसापासून मी पालकाच्या दोन वाट्या करायला लागले. लसणाची फोडणी, वर तेलाची धार. सोबत कधी मक्याचे दाणे, कधी संत्र्याच्या फोडी.

पहिल्या दिवशी यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि ती माझ्याकडे सरकवली. "तुझा नेम आहे ना हा?"

"हा औषधाचा आहे. तुमच्या डोळ्यांसाठी."

"माझ्यासाठीच तर सगळे असतात तुझे. आईने काय सांगितलंय तुला?"

सासूबाईंचं नाव काढल्यावर माझी जीभ टाळूला चिकटते. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलंही. इतके उपास पोचले, मग ही वाटी का पोचू नये? मी पाण्याचा हात फिरवला, यांचं नाव घेतलं, आणि दोन्ही वाट्या संपवल्या. हे बटाटा खात होते.

"बटाट्याला इतके डोळे असतात," हे म्हणाले, "त्यातला एखादा मला लागू पडेलच की."

असं छान चाललं. रोज सकाळी हे कपाटासमोर उभे राहायचे, डोळा झाकायचे आणि जाहीर करायचे, "सरळ." आणि मी देवासमोर तुपाची वात लावायचे.

मग गल्लीत एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. निवृत्त मास्तर सकाळी फिरायला जाताना मान उजवीकडे कलती करून जाऊ लागले. पोस्टमन तिरका होऊन पत्ते वाचू लागला. शिंपीणबाई मशीनवर अशा बसायच्या की मागून वाटावं, शेजारणीच्या कानात काही सांगतायत.

नणंद खिडकीत उभी राहून मला म्हणाली, "वहिनी, आपल्या गल्लीला झालंय काय? जो तो आपल्याच खांद्याशी बोलतोय."

मला कळेना. दुपारी यांचा चहा घेऊन खाली गेले तर दुकानात मास्तर बसले होते. ते हळूच म्हणत होते, "भिंगवाले, तुमच्या कामाला नावं ठेवायची नाहीत मला. पण हा चष्मा घातला की रस्ता उतरणीला लागतो."

"आणा इकडे." यांनी चष्मा उजेडात धरला, एक डोळा बारीक केला. "डावीकडून वाकलाय थोडा. पडला असेल तुमच्या हातून." आणि दांडी गरम करून वाकवली.

मी पाहत होते. चष्मा वाकडा होता हे खरं, पण यांनी तो ज्या बाजूला वाकवला त्याने तो आणखी वाकडा झाला. मास्तरांनी तो घातला, थँक्यू म्हणाले आणि उजवीकडे झुकत निघून गेले. गुरुजी माणूस, कुणाचं मन दुखवायचं नाही.

चहाचा कप मी पाटीवर ठेवला आणि म्हटलं, "अहो, डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"तारीख कुठे आलीय अजून?"

"मला जायचंय," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. मला खरंच जायचं होतं.

डॉक्टरीणबाईंकडे नवं यंत्र आलं होतं. एका छिद्रातून लुकलुकणारा दिवा बघायचा, लुकलुक थांबली की बटण दाबायचं. त्यावरून म्हणे त्या पिवळ्या रंगाचा अंदाज लागतो. आधी हे बसले. मग त्या म्हणाल्या, "काकू, आलाच आहात तर तुम्हीही बसा."

आकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "काकू, तुमच्या ठिपक्यावर कोटिंग दाट आहे. छान. काका, तुमच्याकडे मात्र नुसती काच आहे. पालेभाजी सुरू केली होती ना?"

"घरात रोज होते," हे म्हणाले. हेही खोटं नव्हतं.

"खाताही?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराच्या टोकाकडे पाहिलं. "मी खाते," मी सांगितलं. "यांच्या वाटचीसुद्धा. यांचं नाव घेऊन."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना हसू येत होतं, पण मुलगी संस्कारी. ओठ मुडपून त्यांनी ते आत ठेवलं. "काकू, पुण्याचं मला ठाऊक नाही, ते पोचत असेल. ल्युटीन नाही पोचत. ते ज्याने चावलं त्याचंच."

"मग माझ्यातलं थोडं यांना देता येईल का?" मी विचारलं.

"नाही हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. पुन्हा औषध घालून त्यांनी यांचा पडदा नीट तपासला, फोटो काढले. "पडद्याखाली पाणी झिरपलेलं नाही, हे नशीब. पण काका, रेघा वाकड्या दिसतायत ना तुम्हाला?"

"सरळ दिसतात."

"या चौकटींच्या कागदावर बोटाने गिरवून दाखवा."

यांनी बोट ठेवलं. मधल्या चौकटीपाशी बोट रेघ सोडून खाली उतरलं, आणि वळसा घालून पुन्हा वर चढलं. रस्त्यात खड्डा चुकवावा तसं. स्वतःच्याच बोटाकडे हे बघत राहिले.

घरी येईपर्यंत सांज होत आली होती. हे वर आले नाहीत, दुकानातच बसले. मी दिवा लावायला निघाले तेव्हा खालून हाक आली, "अगं, तुझा चष्मा दे बघू."

मी दिला. मागच्या महिन्यात यांनीच बनवलेला. यांनी पाटीवरचा कप उचलला, पाटी फडक्याने पुसली आणि चष्मा दांड्या उघडून तिच्यावर ठेवला. बोटाने हलकेच दाबला.

टक.

दुसऱ्या बाजूने दाबला. टक.

डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते कानांना ऐकू आलं. हे पुन्हा पुन्हा दाबत राहिले. टक, टक. जणू पाटीतून सासरेच बोट आपटत होते.

"तू हा घालून पोथी वाचतेस?"

"हो."

"ओळी तिरक्या दिसत नाहीत?"

"दिसतात थोड्या. मी मान कलती करते."

"सांगायचं नाही?"

मी काय सांगणार? यांच्या वाटचं करायची सवय, त्यात मान कलती करणंही आलं. मी म्हटलं, "तुम्ही सरळ म्हणालात, मला वाटलं माझीच मान वाकडी असेल."

हे हसले. आधी नुसते, मग खांदे हलवून. मग दांडी गरम केली, थोडी वाकवली, पाटीवर ठेवली. पुन्हा वाकवली, पुन्हा ठेवली. टक थांबेपर्यंत. डोळे मिटून करत होते.

तेवढ्यात नणंद रस्ता ओलांडून आली. सगळं ऐकून ती म्हणाली, "दादा, म्हणजे आख्खी गल्ली तुझ्या ल्युटीनपायी वाकडी झाली तर."

"उद्या बोलाव सगळ्यांना. पाटीवर घेतो एकेकाला."

"आणि पालक? तो कोण खाणार? मी खाऊ का तुझ्या वाटचा? आता मीच राहिलेय."

यांनी माझा चष्मा माझ्या कानांवर बसवला. पोथीच्या ओळीइतका सरळ. मग माझ्याकडे न बघता, काचेच्या पाटीकडे बघून म्हणाले, "उद्यापासून माझ्या वाटचं मी."

"काय माझ्या वाटचं? नीट सांग," नणंद म्हणाली.

"वाटी. आणखी काय असतं वाटचं? पण वर बटाट्याच्या दोन फोडी चालतील का, ते विचारून घ्या डॉक्टरीणबाईंना."

नणंद माझ्या कानाशी आली. "वहिनी, सकाळ झाली की विसरेल. तुम्ही आपल्या दोन वाट्या करून ठेवा."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

सकाळी मी जपाला बसले. माळ हातात असताना मी उठत नाही, बोलत नाही, मागे वळून बघत नाही. सासूबाईंपासूनची शिस्त आहे. समोर दिव्याची ज्योत आणि ज्योतीमागे देवाच्या चौकटीची काच. त्या काचेत मागची खोली दिसते, अंधुक, पण आज सरळ दिसत होती.

हे उठले. रोजच्यासारखे कपाटासमोर गेले. एक डोळा झाकला, मग दुसरा. 'सरळ' असं काही म्हणाले नाहीत. बोट ठेवून रेघ गिरवली, खड्ड्यापाशी बोट थांबलं, आणि यांनी ते खाली घेतलं.

मग स्वयंपाकघरात डबे वाजले. तेलाची बरणी हलवून पाहिल्याचा आवाज. लसूण शोधत असावेत. लसूण कुठे असतो हे यांना ठाऊक असायचं कारण नाही. विचारायला दारापर्यंत आलेही, पण माझ्या हातात माळ पाहून तसेच मागे फिरले.

दाराशेजारच्या खिळ्याला भाजीची पिशवी असते. काचेत मला तो खिळा दिसत होता. हात वर गेला, पिशवी उतरली. यांनी ती उलटी करून झटकली, घडी घालून काखेत धरली आणि चपला पायात न घालता हातात घेतल्या, माझा जप मोडू नये म्हणून. कडी अगदी हळू निघाली.

माझ्या बोटांत मणी तसाच होता. जिन्यावरून पावलं उतरत गेली.