पांढरी सवत

मी सुंदररावांची जीप बोलतेय. आवाज जरा मोठा वाटेल, पण सायलेन्सर फुटल्यापासून हळू बोलणं मला जमत नाही.

माजलगावजवळच्या आमच्या गावात तीस वर्षं मी एकटीच होते. वऱ्हाडं, बाळंतिणी, निवडणुकीचे भोंगे, सगळं मीच वाहिलं. छबुबाईंना धारूरहून नवरी म्हणून सासरी मीच आणलं. तेव्हापासून सुंदररावांशेजारची जागा त्यांची. त्या बाजूला मला दारच नाही, त्यामुळे घाटातला सगळा वारा त्यांचा.

गेल्या दसऱ्याला त्यांच्या मुलानं, अंगदनं, मोठी पांढरी गाडी आणली. छबुबाईंनी तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मला उरलेलं कुंकू लावलं, तेही घाईघाईत. माझा नुसता जळफळाट झाला. सवत ती सवत, खोटं कशाला बोलू?

काल, फाल्गुनातल्या रविवारी, सूनबाई तेजश्री म्हणाली, "घाटात पळस फुललाय, बघायला जाऊ." सगळे पांढरीत बसले. माझ्या वाट्याला भाकरीची टोपली, पाण्याचा जार आणि सुंदरराव.

"मी हिच्यातच येतो," ते म्हणाले. "उद्या आष्टीचा माणूस हिला न्यायला येणार हाय."

म्हणजे मला विकलं होतं, आणि ही माझी शेवटची फेरी. छबुबाईंनी एकदा माझ्यात बसावं, एवढंच मला हवं होतं. त्या माझ्याकडे न बघताच पांढरीत चढल्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक आपोआप फाटेपर्यंत कुणी काढत नाही. पाच महिने झाले तरी पांढरी ते पांघरूनच होती. वर काचा बंद.

तेलगाव मागं पडलं, घाट लागला. दोन्ही अंगांना पळस लालभडक पेटला होता, पण माझं लक्ष पुढच्या गाडीच्या मागल्या काचेवर. प्रत्येक वळणाला छबुबाई प्लास्टिकवरून इकडून तिकडं घसरत होत्या. मला बरं वाटत होतं.

चौथ्या वळणावर पांढरी थांबली. छबुबाई उतरल्या आणि कडेला बसून भडाभडा ओकल्या.

"लई घसरायलंय, माय! आन काय तो वास!" तोंड धुऊन त्या थेट माझ्यात येऊन बसल्या.

एरवी चार झटके घेणारी मी पहिल्याच चावीला सुरू झाले. पदर वाऱ्यावर सोडून छबुबाई सुंदररावांना म्हणाल्या, "मी नवरी हून आलते तवा बी पळस असाच व्हता, न्हाई का?" त्या क्षणी मी जिंकले होते.

वर पोचल्यावर सगळे जेवायला बसले. तेजश्री मात्र उठली आणि पांढरीच्या सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडू लागली.

"अगं, डाग पडतील ना!" अंगद ओरडला.

"पडू द्या. गाडी आईंसाठी घेतली का प्लास्टिकसाठी?"

छबुबाईंनी सीटवरून हात फिरवला. बसून पाहिलं. काच खाली करून घेतली. "आता बरं वाटायलंय," म्हणाल्या, आणि परतताना तिथेच बसल्या.

दुसऱ्या वळणावर मला पांढरीच्या मागल्या काचेतून दिसलं. सुनेच्या खांद्यावर डोकं टाकून छबुबाई गाढ झोपल्या होत्या. माझ्यात त्यांना तीस वर्षांत एकदाही डुलकी लागली नव्हती. मी तेवढी आदळायचे.

आज सोमवार. आष्टीचा माणूस फाटकात उभा आहे. सुंदरराव, एकच मागणं आहे. मला बाहेर काढताना छबुबाईंना हाक मारू नका. त्या येतील, माझ्यावरून हात फिरवतील, आणि त्या माझ्याच आहेत असं मला पुन्हा वाटायला लागेल.