अर्जाला जोडलेलं कात्रण

अर्जाला काय जोडावं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी परवापरवापर्यंत समजत होते. माझे वडील सोलापूरला जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. अर्ज म्हटला की जोडता येईल ते सगळं जोडायचं, अगदी लसीकरणाचं कार्डसुद्धा, हे बाळकडूच मला मिळालेलं. त्यानंच माझा घात केला.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात इथं लखनौला, निशातगंजच्या पुलावर धुक्यात माझ्या यजमानांची, डॉ. नरेंद्र शेजवलकरांची, स्कूटर टेम्पोवर आदळली. पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं सगळं गेलं. आम्ही इंदिरा नगरात ह्यांच्या संशोधन संस्थेच्या क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर राहतो. चाकाची खुर्ची घरभर फिरायची आणि जिन्याशी येऊन थांबायची. आठवड्यातून एकदा संस्थेचे चार माळी येऊन ह्यांना खुर्चीसकट उचलून खाली न्यायचे. एकदा वळणावर एका माळ्याचा पाय घसरला. ह्यांनी कठडा धरला, तळहाताचं कातडं सोलून निघालं, आणि वर स्वतःच म्हणतात, "सॉरी भैया." अहो, सॉरी कसलं? त्याच दिवशी मी ठरवलं, तळमजल्याचं सात नंबरचं क्वार्टर रिकामं आहे, ते मिळवायचंच.

आता ह्यांच्या कामाविषयी. हे रसायनशास्त्रज्ञ. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाहीत इतके बारीक कण वर्षानुवर्षं बनवत होते, संस्थेत कुणी ढुंकून बघत नव्हतं. मग संचालक निगमसाहेब अमेरिकेला जाऊन आले आणि त्यांना कळलं की ह्याला नॅनो म्हणतात. आल्या आल्या घरी हजर.

"शेजवलकर साहब, वैज्ञानिक भी आप, मरीज़ भी आप! और क्या चाहिए?"

"पैर," हे म्हणाले.

निगमसाहेब इतके हसले की चहा बशीत सांडला.

हजरतगंजच्या एका हॉटेलात पत्रकार परिषद झाली. माळ्यांनी ह्यांना उचलून नेलं, खुर्चीला झेंडूची माळ घातली. निगमसाहेब सांगत होते की हे कण कण्यात सोडले की तुटलेल्या नसा सांधल्या जातील. आणि नुसती दुरुस्ती करून थांबायचं कशाला? धडधाकट माणसाचा कणासुद्धा असा करू की दोन पोती गहू घेऊन तो जिना चढेल. पहिल्या रांगेतल्या एका पुढाऱ्यानं विचारलं, सभागृहात अठरा तास बसलं तर पाठ दुखणार नाही ना? "हुज़ूर, पीठ को पता भी नहीं चलेगा," निगमसाहेब म्हणाले. टाळ्याच टाळ्या. मग एका उंदराचा फोटो दाखवला. त्यानं म्हणे मागचा पाय हलवला होता. हे खाली मान घालून बसले होते, मला वाटलं संकोचानं.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार कॉलमी मथळा: 'दो साल में दौड़ेंगे डॉ. शेजवलकर'. खोटं कशाला सांगू, मी वीस प्रती घेतल्या. शेजारी पेढे वाटले. आमची मुक्ता बारावीत, मराठी समजतं पण उत्तर हिंदीतच. ती म्हणाली, "पापा, रेस लगाएँगे!" हे हसले आणि पेढा खाल्ला.

आणि मी शहाणीनं ते कात्रण क्वार्टरच्या अर्जाला जोडलं. एवढा मोठा माणूस आहे, वाचून तरी लाजतील, म्हटलं.

क्वार्टर समितीचे अध्यक्ष बाजपेयीजी. लखनौचा माणूस, नाही म्हणायचं तरी आधी चहा पाजणार. "तशरीफ़ रखिए, भाभीजी." मग समोसा. मग फाइल उघडली आणि कात्रणावर हळूच बोट ठेवलं.

"ग्राउंड फ्लोर तो परमानेंट विकलांग के लिए है. साहब का केस टेंपरेरी है. माशाअल्लाह, दो साल में दौड़ने वाले हैं."

मी समोसा बशीत परत ठेवला. पेपरात काहीही छापतात, असं मी म्हणाले. "कुछ भी?" बाजपेयीजी दुखावले. "संचालक साहब का बयान है, भाभीजी." त्यावर उपाय एकच होता. ह्या उपचारानं गुण येणार नाही, असं विषयाच्या तज्ज्ञानं लिहून द्यायला हवं. आणि अख्ख्या लखनौत ह्या विषयाचा तज्ज्ञ एकच.

निगमसाहेबांच्या कानावर गेलं तसे ते धावत आले. पुढच्या आठवड्यात दिल्लीहून पाहुणे येणार होते, अनुदान अडकलं असतं. पण माणूस मोठा व्यवहारी. म्हणाले, लिहा, खुशाल लिहा, फक्त वर 'गोपनीय' शिक्का मारू. म्हणजे एका कपाटात हे धावणार आणि दुसऱ्या कपाटात कधीच उठणार नाहीत, आणि दोन्ही कागद खरे!

मी मात्र अडून बसले. "नका लिहू," मी म्हटलं. "राहू आपण वरच. दोनच वर्षं तर आहेत. असलं अभद्र स्वतःच्या हातानं कशाला लिहायचं?"

ह्यांनी पेनचं टोपण काढलेलं होतं. "चित्रा, उंदराला टेबलावर ठेवताना टेबल हललं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून उंदरालाही जमलेलं नाही. जमेल कधीतरी, मुक्ताच्या मुलांच्या वेळेला. मला नाही."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

मी भडकले. "आणि मला सांगायची गरज वाटली नाही? वेड्यासारखी पेढे वाटत फिरले मी!"

"तू इतक्या आनंदात कात्रणं कापत होतीस," हे म्हणाले. "मला नाही सांगवलं." मग म्हणाले, "मला खाली जायचंय गं. कुणाला हाक न मारता, माझा मी."

त्यांनी न अडखळता चार ओळी लिहिल्या: सदर संशोधनाचा उपयोग माझ्या हयातीत मला होण्याची शक्यता नाही. खाली तारीख, सही, हुद्दा.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद बाजपेयीजींकडे नेला. त्यांनी दोनदा वाचला, शिक्का मारला, आणि तळाची एक रिकामी ओळ दाखवली. तिथं घरातल्या एका माणसाची सही लागते, वरील मजकूर मला मान्य आहे म्हणून. नियमच आहे.

ह्यांच्याखेरीज घरात सही करण्याच्या वयाची मी एकटीच, आणि मलाच तो मजकूर मान्य नव्हता. मला रडू येत होतं आणि बाजपेयीजी पंखा वाढवत होते. शेवटी मी सही केली, सौ. चित्रा नरेंद्र शेजवलकर.

बाजपेयीजींनी सात नंबरची किल्ली काढली, उठून उभे राहिले आणि अदबीनं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"मुबारक हो, भाभीजी," ते म्हणाले. "अब साहब परमानेंट हो गए."