कणगीतून चांद्याला

मी पौडच्या गोजराबाईंची जुनी कणगी आहे. मित्रांनो, कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची उंच टोपली, हेही आता सांगावं लागतं! गावच्या देवू बुरुडाने मला विणलं, गोजराबाईंनी शेणमातीने लिंपलं. पुरुषभर उंची आणि पोटात वर्षाचा भात. माझा तोरा काही विचारू नका.

१९६१ साली आमच्या गावच्या कुशाबा मास्तरांच्या कादंबरीवर सिनेमा निघाला. तिच्यातला शास्त्रज्ञ यंत्रात शिरून नाहीसा होतो आणि क्षणात दुसऱ्या गावी प्रकटतो. त्याची बायको मात्र धास्तावते. हा माझाच माणूस, की त्याची नक्कल? मास्तरांनी त्यावर दहा पानं लिहिली होती. पुण्याहून आलेले दिग्दर्शक जयसिंगराव म्हणाले, "मास्तर, विचारांचा फोटो निघत नाही. ती पानं गाळू."

"मग माझं नावही गाळा," मास्तर म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले. मला फार वाईट वाटलं.

त्यातच पत्र्याचं यंत्र ट्रकमधून पडून चेपलं. मग काय, अडला हरी! मला रिकामं करून चंदेरी कागद चिकटवला. अंगणात नट माझ्यात बसला, वर झाकण घातलं. कॅमेरा थांबवून नटाला बाहेर काढलं, कॅमेरा पुन्हा सुरू केला. झाकण उचललं तर आत कोणी नाही!

प्रकटण्याचं दृश्य जवळच्या चांदे गावी घ्यायचं होतं. मला बैलगाडीत चढवणार, तोच गोजराबाई आडव्या आल्या.

"माज्या दारातनं रिकामी कणगी न्हाई जायाची. बरकत जाती."

त्यांनी मूठभर भात माझ्यात टाकला आणि स्वतःही गाडीत बसल्या.

चांद्याला तळाशी डोकं खुपसून बसलेला नट माझ्यातून उठला, तो घामेजल्या कपाळावर भाताचे दाणे घेऊनच.

"पुसा ते!" जयसिंगराव ओरडले.

"पुसू नगा," गोजराबाई म्हणाल्या. "दाना पौडचा हाय, मंग मानूसबी पौडचाच की!"

मास्तर टुणकन उठले. "जयसिंगराव, माझी दहा पानं ती हीच!"

जयसिंगरावांनी कपाळावर हात मारून घेतला आणि दोन्ही दृश्यं फिरून घेतली. आता निघताना बायकोच यंत्रात भाताची मूठ टाकते आणि चांद्याला त्याच्या कपाळावरचा दाणा टिपून हसते. दाण्याचीही नक्कल निघू शकते, हे मास्तरांच्या ध्यानात आलं असणार. पण ते शहाण्यासारखे गप्प बसले.

पौडच्या तंबूत सिनेमा लागला. पडद्यावर मास्तरांचं नाव आलं तेव्हा टाळ्या पडल्या. गोजराबाई मात्र शेजारणीला एवढंच सांगत होत्या, "आमच्या घरचा भात हाय त्यो."

आता घरात पत्र्याची कोठी आली आहे. मी कोपऱ्यात असते, लिंपण गळतं. मला चुलाणात घालायच्या गोष्टीही मी ऐकल्या. तरी सुगीला गोजराबाई पहिली मूठ माझ्यातच टाकतात.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिच्या तळाशी एकदा हात घालून बघा. दाणा सापडेल. नाहीच सापडला, तर तुम्ही टाका.