मेरेपेकाचा पहिला हाकू

पाओराने आपली गळाची काठी विकायला काढल्याचं मेरेपेकाला दुकानाच्या काचेवरची चिठ्ठी वाचून कळलं. ती दूध आणायला गेली होती. चिठ्ठीवरचं अक्षर डाव्या हाताने काढलेलं, वाकडंतिकडं, पण 'हाकूची काठी, रिळासकट' एवढं वाचता येत होतं. तिने चिठ्ठी काढली, खिशात टाकली आणि घरी येऊन नवऱ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"मला ती धरता येत नाही," पाओरा म्हणाला. "दीड वर्ष शेडमध्ये धूळ खातेय. कुणाच्या तरी कामी येईल."

"मग मी वापरते."

पाओरा हसला. ते हसणं टिंगलीचं होतं हे मेरेपेकाला कळलं, तरी तिला बरं वाटलं. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडल्यापासून तो हसलाच नव्हता.

आमच्या वाइरोरो खाडीत हाकू म्हटलं की पाओराचं नाव निघायचं. हाकू म्हणजे पिवळ्या शेपटीचा किंगफिश; अंगाने दणकट आणि स्वभावाने आडमुठा. गळाला लागला की तो सरळ धक्क्याखालच्या खांबांकडे धावतो. खांबांवर कालवांची धारदार कवचं असतात. त्यांना दोर घासला की संपलं. मेरेपेकाने असे शेकडो हाकू हाताळले होते, पण सगळे मेलेले. मराएवर, म्हणजे वस्तीच्या सभागृहात, कुणाचं लग्न असो की मयत, चाळीस वर्षं तिथल्या स्वयंपाकघरात मासे साफ करायचं काम तिचंच. काठी मात्र तिने कधी हातात धरली नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी ती धरायची वेळ आली.

धक्क्यावर पाओराची थोरली बहीण हुरिया रोज सकाळी बादली उलटी घालून बसलेली असायची. सगळी खाडी तिला आंटी म्हणते, मेरेपेका आणि पाओरासुद्धा.

"तुझी माशांशी ओळख व्हायची ती ते मेल्यावर," आंटी म्हणाली. "आता जिवंतपणी भेटतेयस, तर जरा नीट वाग त्यांच्याशी."

"शिकवणार आहेस की नुसती बडबडणार?"

"दोन्ही. बडबड फुकट आहे."

पहिला आठवडा आमिष पकडण्यातच गेला. हाकूला मेलेलं चालत नाही, बोटभर जिवंत मासा लागतो. तो पकडायला पावाचा चुरा पाण्यात टाकायचा आणि बारीक गळ सोडायचा. मग त्या माशाला मोठ्या गळावर अलगद टोचायचं आणि फुगा बांधून पाण्यावर तरंगत ठेवायचं. मेरेपेकाने पहिल्या दिवशी दोराचा असा गुंता केला की आंटीला तो सुरीने कापावा लागला. दुसऱ्या दिवशी गळ तिच्याच स्वेटरमध्ये अडकला. तिसऱ्या दिवशी तिने फुगा इतका फुगवला की तो वाऱ्याने आमिषासकट पलीकडच्या खडकांवर जाऊन फुटला.

संध्याकाळी आंटी चहाला यायची आणि हे सगळं पाओरासमोर रंगवून सांगायची. तो खिडकीबाहेर बघत राहायचा. पण चौथ्या संध्याकाळी त्याने मान न वळवता विचारलं, "फुगा केवढा केला होता?"

"कोबीएवढा," मेरेपेका म्हणाली.

"कोबीएवढा!" तो स्वतःशीच पुटपुटला. "सफरचंदाएवढा करायचा असतो, माझे आई."

दुसऱ्या आठवड्यात हाकू लागला. फुगा एकदम दिसेनासा झाला आणि रीळ असं ओरडायला लागलं की आंटीच्या हातातला पाव पाण्यात पडला. मेरेपेकाने काठी छातीशी घट्ट धरली, रिळाचा ब्रेक होता नव्हता तेवढा आवळला आणि जीव खाऊन ओढलं. दहा श्वासांत खेळ आटपला. काठी सरळ झाली. दोर वर आला तो खडबडीत, कुरतडल्यासारखा.

घरी गेल्यावर ती बटाटे सोलत बसली. आंटीने सांगायचं ते सांगितलं.

"ब्रेक आवळला होतास?" पाओराने विचारलं.

"पूर्ण."

"मग मागे सरली नसशील. खांबांपासून लांब जायचं असतं."

"तू होतास का तिथे?"

"नव्हतो."

"मग?"

पाओराने तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं. पण सकाळी ती काठी घेऊन निघाली, तर तो दारात बूट घालून उभा होता. नाड्या तशाच लोंबत होत्या. तिने खाली बसून त्या बांधल्या आणि घडीची खुर्ची काखेत घेतली. कुठे निघालास म्हणून तिने विचारलं नाही.

पुढचे चार दिवस धक्क्यावर पाओराचंच राज्य. खुर्चीत बसून तो हुकूम सोडायचा. "आमिष फार वर आहे." "सावली पाण्यावर पडतेय, सरक." "आंटी, तू गप्प बस, मासे पळतात." आंटी म्हणायची, "मासे नाही पळत. बायको पळेल." हाकू काही आला नाही. मात्र तिसऱ्या दिवशी पाओराने डाव्या हाताने साधा दोर सोडून आमिषाचे दोन मासे पकडले आणि कुणाकडे न बघता बादलीत टाकले.

पाचव्या दिवशी समुद्र तेल ओतल्यासारखा शांत होता. भरती चढत होती. नऊच्या सुमाराला आमिषाचा मासा घाबरून फुग्याभोवती गोल गोल फिरायला लागला, मग खालून एक हिरवट सावली वर आली आणि फुगा गेला.

"थांब," पाओरा म्हणाला. "गिळू दे. आता! आवळ! ओढ!"

मेरेपेकाने ओढलं. काठी कमानीसारखी वाकली आणि हाकू तसाच फिरून खांबांकडे निघाला. गेल्या वेळी झालं होतं अगदी तसंच.

"अजून आवळ! मागे सर!" पाओरा ओरडत होता.

तिने उलट केलं. ब्रेक सैल सोडला.

"काय करतेयस! वेडी झालीस का?"

"गप्प बस जरा," ती म्हणाली.

दोर ढिला पडला, तसा खालचा जोर थांबला. क्षणभर काहीच कळेना. मासा सुटला असंच तिघांना वाटलं. मग दोर हळूहळू पुढे सरकू लागला, पण खांबांकडे नाही, बाहेर, मोकळ्या पाण्याकडे. ओढणारं कुणी नाही म्हटल्यावर हाकू आपल्या वाटेने चालला होता. मेरेपेका धक्क्याच्या कडेकडेने टोकापर्यंत गेली. दोर तसाच जाऊ देत होती, एखाद्या चिडक्या पाहुण्याला गोड बोलून दारापर्यंत न्यावं तशी. मासा पुरेसा लांब गेल्यावर तिने ब्रेक थोडा थोडा आवळला.

मग खरी झुंज सुरू झाली. वीस-पंचवीस मिनिटं तरी चालली असेल. हाकू खाली जायचा, ती थांबायची. तो दमला की चार वळसे गुंडाळायची. दंड थरथरायला लागले, काठीचं बूड पोटात रुतलं. पाओरा खुर्ची सोडून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता आणि एक शब्द बोलत नव्हता. शेवटी निळसर पाठ आणि पिवळी शेपटी पृष्ठभागावर आली. हाकू कुशीवर कलला.

धक्का उंच असल्यामुळे मासा गोल कडीच्या जाळ्यात घेऊन दोराने वर ओढावा लागतो. ते काम दोन हातांचं. आंटीने जाळं खाली सोडलं आणि माशाखाली नेलं खरं, पण वजन तिला पेलेना.

"दे इकडे," पाओरा म्हणाला. त्याने दोर डाव्या हाताने हातभर वर ओढला आणि बुटाखाली दाबून धरला. पुन्हा ओढला, पुन्हा दाबला. असं करत करत हाकू धक्क्यावर आला. पाओराचा चेहरा लालबुंद झाला होता.

आंटीने ओला टॉवेल माशाच्या डोळ्यांवर टाकला आणि टेप लावली. एक्क्याण्णव सेंटिमीटर. मेरेपेका गुडघ्यांवर बसून बघत राहिली. इतक्या वर्षांत हा रंग तिने पाहिलाच नव्हता. स्वयंपाकघरात येईपर्यंत तो उडालेला असायचा.

"पहिला आहे," आंटी हळूच म्हणाली.

म्हणजे काय ते तिघांना माहीत होतं. पहिला मासा तांगारोआचा, समुद्राच्या देवाचा. तो प्रार्थना म्हणून परत द्यायचा.

"केवढं मांस आहे ह्याच्यात," मेरेपेका म्हणाली. "निदान डोकं तरी..."

"डोकं ठेवून बाकीचा कसा सोडणार?" पाओरा म्हणाला, आणि आंटी इतकी हसली की प्रार्थना तिला दोनदा सुरू करावी लागली.

मेरेपेकाने गळ काढला. जाळं खाली गेलं. हाकू काही वेळ त्यातच कल्ले हलवत राहिला, मग शेपटीचा एक फटका मारून खोल गेला. मेरेपेकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दमल्यामुळे की कशामुळे, तिलाच सांगता आलं नसतं.

"ब्रेक सैल सोडायचं कुणी शिकवलं तुला?" थोड्या वेळाने पाओराने विचारलं.

"तूच."

"मी? मी जन्मात असलं काही सांगितलं नाही."

"दीड वर्ष तुला व्यायामाला ओढतेय. जेवढं ओढावं तेवढा तू बिछान्यात घुसतोस. मागच्या आठवड्यात ओढायचं सोडलं, तर स्वतःहून धक्क्यावर आलास."

पाओराने पाण्याकडे बघितलं. "म्हणजे मी हाकू," तो म्हणाला.

"हाकू देखणा असतो," आंटी म्हणाली.

थर्मासमधला चहा झाला, तळलेले पाव संपले. ऊन चढलं तशी आंटीने बादली उचलली आणि ती घरी निघाली. मेरेपेकाही काठी आवरायला लागली.

"कुठे चाललीस?" पाओराने विचारलं. त्याने बारीक दोराचं टोक दातात धरलं होतं आणि डाव्या हाताने नवा गळ अडकवायची खटपट चालवली होती. तिसऱ्या प्रयत्नात गाठ बसली. "ओहोटी लागायला अजून तासभर आहे. देवाचं देऊन झालं. आता आपल्या जेवणाचं बघ."

मेरेपेकाने काठी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याने पावाचा चुरा पाण्यात टाकला, आणि दोघं आमिषाच्या माशांची वाट बघू लागली.