पांढऱ्या काठीचा धनी

मनुष्य स्वतंत्र आहे की बांधील, हे त्याच्या मुद्रेवरून ओळखता आले असते, तर ऑल्डरकोट गावातील थर्स्टनला त्या वर्षीच्या सुगीत एवढी तपश्चर्या करावी लागली नसती. त्याच्या आजोबांना गावच्या धन्याच्या वडिलांनी मुक्ततेची सनद दिली होती. ती सनद थर्स्टनच्या आजीने श्रद्धेने चीजच्या फडताळात जपली. उंदरांनी आरंभ मेणाच्या मोहरेपासून केला आणि अखेर अक्षरांवर केली.

तीन पिढ्या कोणी काही विचारले नाही. त्या वर्षी मात्र गढीवर रेनल्ड नावाचा नवा कारभारी आला. गावातील प्रत्येक घराचे नाव आणि पायरी नव्या दप्तरात चढवण्याचे त्याने मनावर घेतले. ज्याच्यापाशी कागद नाही तो बांधील, असा त्याचा सरळ हिशेब होता. बांधील ठरल्यास थर्स्टनला मुलीच्या लग्नासाठी धन्याची परवानगी मागावी लागली असती, आणि मुलाला गावाची शीव ओलांडता आली नसती.

गावच्या बारा पंचांनी मध्यम मार्ग सुचवला. सुगीच्या वेठीच्या दिवशी सारे गाव धन्याचा गहू कापते. त्यात बांधील कुळाच्या हाती विळा असतो. मोकळा जमीनदार घोड्यावरून येतो, हेझलच्या झाडाची साल सोललेली पांढरी काठी हाती धरतो आणि कापणीवर देखरेख करतो. विळ्याला तो स्पर्श करीत नाही. सनद उंदीर खातात, रिवाज खात नाहीत. तेव्हा त्या दिवशी थर्स्टनच्या हातात काय दिसते ते सर्वांनी पाहावे, आणि सुगी संपल्यावर येणाऱ्या संत मायकेलच्या सणाला गढीच्या कचेरीत सांगावे.

रेनल्डने हे आनंदाने मान्य केले. थर्स्टनचे मर्म त्याने हेरले होते. पंचक्रोशीत थर्स्टनसारखा कापणारा नव्हता. स्वतःच्या रानात तो विळा घेऊन उतरला की माणसे बांधावर उभी राहून पाहत. अशा माणसाला वाईट कापणी सोसत नाही. म्हणून त्याच्या देखरेखीखालच्या पट्ट्यात कारभाऱ्याने मुद्दाम हॅमो नावाच्या बांधील कुळाला उभे केले. हॅमो स्वभावाने गोड होता. कापणीत मात्र गाय चरून गेलेली बरी.

सकाळपासून हॅमोने गव्हाची जी विटंबना आरंभिली, तिचे वर्णन न केलेलेच बरे. थर्स्टन म्हाताऱ्या घोडीवर ताठ बसला होता, पण त्याची बोटे काठीवरच मूठ आवळत आणि मनगट आपोआप वळे. दुपारी आभाळ भरून आले. पिकलेल्या ओंब्या मातीत गळू लागल्या. थर्स्टन घोडीवरून उतरला. त्याचा हात हॅमोच्या विळ्याकडे निघालाही होता. एवढ्यात पलीकडे पेंढ्या बांधणारी त्याची बायको हॉइस खोकली. ते खोकणे सर्दीचे नव्हते.

थर्स्टनने हात मागे घेतला. मग त्याला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचताच तो दिवसभरात प्रथमच हसला. काठी उंचावून त्याने कारभाऱ्याला बोलावले.

"कारभारी, काठीवाल्याचं काम चूक दाखवायचं. मी दाखवतोय. धन्याचा निम्मा गहू मातीत चाललाय."

"मग सांग ना त्याला, कसं कापायचं ते," रेनल्ड म्हणाला.

"तोंडानं सांगून कुणी शिकलंय का?"

हॅमोने भोळ्या चेहऱ्याने विळा पुढे केला. "मला तर कुणी शिकवलंच नाही बघा. आई म्हणायची, तू आपला बदकं राख."

आणि त्याने आणखी एक मूठभर गहू असा काही ओरबाडला की कारभाऱ्याच्या तोंडून वेदनेचा हुंकार निघाला. "अरे कर्मदरिद्र्या, आण इकडे." त्याने विळा हिसकावला, तळहातावर थुंकला आणि वाकला.

मग सारे रान थांबले. रेनल्डचा डावा हात ताटे कवेत घेई, उजवा एकाच लयीत फिरे, एकही ओंबी खाली पडत नव्हती. पट्टा संपवून त्याने काडांचा पीळ एका झटक्यात वळला, पेंढी गुडघ्याखाली दाबून बांधली आणि विळ्याचे पाते मांडीला पुसले. अशी लकब दौत-लेखणीच्या घरात येत नाही. ती लहानपणी, परक्याच्या रानात, वेठीच्या दिवशीच अंगी येते.

वर पाहिले तेव्हा बाराही पंच बांधावर उभे असलेले त्याला दिसले.  म्हातारी गोल्डा, गावची सुईण, म्हणाली, "लेकराचा हात चांगलाय हो. आजोबा कुठले म्हणायचे?"

संत मायकेलच्या सणाला कचेरी भरली. पंचांनी शपथेवर सांगितले की वेठीच्या दिवशी थर्स्टनच्या हाती काठीच होती, विळ्याला त्याने बोट लावले नाही. "त्या दिवशी आणखी एकाच्या हाती विळा दिसला होता," पंचांचा मुख्य अत्यंत विनयाने म्हणाला. "विचारलंत तर तेही लिहून देतो."

रेनल्डने हातातली लेखणी खाली ठेवली.

"नाही विचारलं," तो म्हणाला. मग लेखनिकाकडे वळला. "लिही. थर्स्टन, फ्रँकलिन."

फ्रँकलिन म्हणजे सरदार नव्हे, पण कोणाचा बांधीलही नव्हे. आपल्या जमिनीचा आपण धनी. त्या दिवसापर्यंत ती थर्स्टनची पायरी होती. त्या दिवसापासून ते घराण्याचे नाव झाले.

पुढच्या सुगीत कारभारी कडक उन्हात हातमोजे घालून आला. थर्स्टनने त्याला अदबीने एल बीअरचा पहिला प्याला दिला, आणि त्याच्या आजोबांची चौकशी कधी केली नाही.

कालांतराने जमीन वाटण्यांत विरली. थर्स्टनचा एक पणतू दुसऱ्याच्या रानात रोजाने कापणी करी. पोटापाण्यासाठी तो गुडघाभर गव्हात उभा असे. फ्रँकलिन हे नाव मात्र घोड्यावरून उतरले नाही.