सोमवारची छाती

सोलापुरात गिरणीच्या दवाखान्यात वीस वर्षं काढून डॉक्टर गुरुबसप्पा बहात्तर साली रिटायर झाले, आणि त्यांना पुस्तक लिहायची हुक्की आली. विषय, कापसाच्या धुळीनं होणारा दमा. असा रोगच नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांत तेही होतेच. रविवारची सुट्टी भोगून आलेल्या कामगाराची छाती सोमवारी गिरणीच्या धुळीत परतताच नेमकी भरून यायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी प्रत्येकाच्या कागदावर त्यांनी कारण लिहिलं, विडी.

पहिली हकिकत दम्यानं गेलेल्या गिरणी कामगार महिपतीची घ्यावी म्हणून ते त्याच्या विधवेकडे, बजाबाईकडे गेले. पोराच्या, भीमाच्या, दाराबाहेर वेगळी चूल मांडून ती भाकरी थापत होती.

"आमच्या मालकांनी जन्मात विडी वढली न्हाय," ती म्हणाली. "विड्या मी वळायचे, पोटासाठी. तुमीच म्हणलात की, तुज्या तंबाखूची धूळ त्येंच्या छातीत बसली. तवापास्नं भीमा माज्या हातचं पाणी पीत न्हाय. खरं सांगा डागदर, माज्यामुळंच गेले का वो?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण ते एकदा म्हटलं, की खोटं कुणी लिहिलं तेही पुस्तकात आलंच. दारात भीमा कान देऊन उभा होता. गुरुबसप्पांनी पेनाला टोपण लावलं. पुस्तक तिथंच संपलं.

"होय बाई," ते म्हणाले. "तंबाखूच."

भीमा आत गेला. बजाबाईनं भाकरी उलटली.

"च्या केला असता," ती म्हणाली, "पर माज्या हातचा तुमी कसा घेनार?"