चेंडूकडे बघायचं नाही

आयरीन हुदाक धुतलेली ब्युरेट उलटी करून स्टँडला लावत होती, तेव्हा डेमियन प्रोकोप प्रयोगशाळेच्या दारात येऊन थांबला. ते दार त्याला नेहमीच अरुंद पडायचं. खांदा तिरका करून तो आत आला आणि टेबलावरची कोरडी जागा शोधून त्याने हातातलं पाकीट ठेवलं.

"मॅडम, मी दिसतच नाही म्हणे."

"कुठे?"

"फिल्ममध्ये."

आयरीनने हात पुसले आणि पत्र उघडलं. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल विभागाचं होतं, सातच ओळींचं. पाठवलेल्या टेप पाहिल्या. कॅमेरा सतत चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर असल्यामुळे डावा टॅकल प्रोकोप बहुतेक डावांत चौकटीबाहेर राहतो, सबब मत देता येत नाही. दुसरी फिल्म असल्यास एक डिसेंबरपर्यंत पाठवावी. त्यानंतर शिष्यवृत्तीची जागा भरली जाईल.

तिने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईने, दुसऱ्यांदा एखाद्या विद्यार्थ्याचं न जुळणारं उत्तर तपासावं तसं. नऊ सामन्यांच्या नऊ टेप तिने स्वतः काढल्या होत्या, मैदानाच्या टोकाला, गोलच्या खांबांमागच्या मचाणावर उभं राहून. त्या टेपमध्ये डेमियन नाही असा एकही डाव नव्हता.

"तुला कोण म्हणालं टेप पाठवल्या म्हणून?"

"सर. स्वतः पोस्टात टाकल्या म्हणाले." डेमियन ब्युरेटकडे बघत होता. वर्गात शेवटचा थेंब सगळ्यात अचूक सोडणारा तोच होता. एवढ्या जाड बोटांना ते कसं जमतं याचं बाकीच्यांना हसू यायचं. "नसेल जमत तर राहू दे, मॅडम. चुलतभाऊ टाइल्सच्या गोदामात लावतो म्हणालाय."

"आणि औषधशास्त्र?"

"त्याची फी कोण भरणार?"

"पत्र माझ्याकडे ठेव," आयरीन म्हणाली.

'सर' म्हणजे तिचा धाकटा भाऊ गेरी. अकरा वर्षं तो कॅल्डर गावच्या शाळेच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता, आणि संघाचा क्वार्टरबॅक होता त्याचा मुलगा ब्रेट. गावात ब्रेटचा फोटो न्हाव्याच्या दुकानात होता, बँकेत होता, चर्चच्या सूचनाफलकावर होता. ब्रेट उजव्या हाताने फेकायचा. फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे व्हायची, आणि त्या पाठीमागून जो कुणी धावून येई त्याला थोपवायचं काम डेमियनचं. डेमियनचा फोटो कुठेच नव्हता. पुढे रांगेत उभं राहून अडवणाऱ्या पोरांचे फोटो कुणी लावत नाही.

गेरीला हे सांगायची गरज नव्हती. तो स्वतः याच संघात डाव्या बाजूला खेळलेला होता. त्याच्या उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी होती. सतराव्या वर्षी, संघ जिंकला त्या दिवशी, तो स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून बसला होता आणि म्हणाला होता, "ताई, सगळ्यांची नावं आहेत गं. पाणी देणाऱ्याचंसुद्धा. माझंच तेवढं नाही." पुढे तो साहाय्यक प्रशिक्षक झाला, तेव्हा मचाणावर कॅमेरा लावायची कल्पना त्याचीच, आणि त्यासाठी बहिणीकडे आला तोही तोच. "तू शास्त्राची आहेस. तू चेंडूमागे वाहवत जाणार नाहीस. एकच नियम, चेंडूकडे बघायचं नाही. रांग बघायची." एकोणीस वर्षं तिने तो पाळला होता.

गेरीच्या खोलीत ओल्या बुटांचा आणि मलमाचा वास होता. तो फळ्यावर शनिवारच्या शेवटच्या सामन्याचे डाव आखत होता.

"ये ताई. कॉफी घे. विषच आहे, पण गरम आहे."

तिने पत्र त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते वाचलं नाही. काय आहे ते त्याला ठाऊक असावं, कारण त्याने आधी खडू खाली ठेवला आणि मग दार लावलं.

"तू बाजूच्या कॅमेऱ्याच्या टेप पाठवल्यास. माझ्या नाही."

"ब्रेटसाठी त्याच लागतात."

"डेमियनसाठी माझ्या लागतात. तू मला सांगितलंस, दोन्ही पाठवल्या."

गेरी खुर्चीत बसला. "तुझ्या फिल्ममध्ये ब्रेट कसा दिसतो, माहितेय तुला?"

तिला माहीत होतं. प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच घेऊन तिने मोजलं होतं. चेंडू हलल्यापासून हातातून सुटेपर्यंत इतर शाळांच्या पोरांना अडीच सेकंद मिळायचे, फार तर तीन. ब्रेटला सरासरी चार पूर्णांक दोन. तेवढ्या वेळात तो चेंडू दोनदा थोपटायचा, एकदा चुकीच्या बाजूला बघायचा, परत फिरायचा, आणि मग ती लांब, देखणी फेक. बाजूच्या कॅमेऱ्यात फक्त फेक दिसायची. मचाणावरून दिसायचं की त्याच्या पाठीमागे डेमियन एकाच पोराला तीन वेळा अडवतोय.

"चांगला दिसतो," ती म्हणाली. "भरपूर वेळ मिळालेला मुलगा दिसतो."

"तेच. ते लोक मूर्ख नाहीत गं. ती टेप पाहिली की पहिल्या पाच मिनिटांत म्हणतील, हा क्वार्टरबॅक राहू दे, तो डावा कोण आहे ते सांगा."

"दोघांनाही घेतील कदाचित."

"कदाचितवर मी माझा पोरगा सोडू?"

बाहेर कुणीतरी लॉकर जोरात आपटलं आणि दोघं-तिघं हसले. आयरीनने उठून कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात टेप ओळीने उभ्या होत्या. कडांवर तिच्या अक्षरातली लेबलं होती: तारीख, प्रतिस्पर्धी, वारा. त्या प्रत्येकावर नवीन पट्टी चिकटवलेली होती. बास्केटबॉल सराव एक. बास्केटबॉल सराव दोन. तिने शेवटपर्यंत बोट फिरवलं. नऊ.

"शाळेकडे टेप कमी आहेत," गेरी तिच्या पाठीमागून म्हणाला. "दरवर्षीच पुसतो आपण."

"दरवर्षी मे महिन्यात पुसतो."

 तो करंगळी दुसऱ्या मुठीत धरून बसला. लहानपणी खोटं पकडलं गेलं की तो असाच हात लपवायचा. तेव्हा ती करंगळी सरळ होती, एवढाच फरक.

ती दाराशी पोचल्यावर तो म्हणाला, "ताई, शनिवारी एक करशील? ब्रेटची इथली शेवटची मॅच. आईला बघायचंय, आणि तिला काही आता पायऱ्या चढवत नाहीत. बाजूच्या कॅमेऱ्यात त्याचा चेहराच दिसत नाही म्हातारीला. तू ब्रेटवर धर कॅमेरा. एक दिवस रांग राहू दे."

"बघते," आयरीन म्हणाली.

कॅल्डरच्या मैदानाला दिवे नव्हते, त्यामुळे सामने शनिवारी दुपारी एकला व्हायचे. नदीवरून वारा येत होता. आयरीन दोन मोजे आणि वडिलांचा खाणीतला कोट घालून मचाणावर चढली. रांगेला शिकवणारा म्हातारा कोवाल खालून ओरडला, "बाई, वर देव भेटला तर सांगा, चेंडू आमच्या डाव्या बाजूने पळव म्हणावं!"

"तुमची उजवी बाजू कच्ची आहे म्हणून सांगू का?"

"ते त्याला ठाऊकाय! म्हणून तर इतक्या उंच बसलाय!"

सामना सुरू झाला. लाउडस्पीकरवरून दर दोन मिनिटांनी ब्रेट हुदाकचं नाव येत होतं. आयरीनने कॅमेरा रांगेवर लावला आणि स्क्रू घट्ट केला. पहिल्या डावाआधी डेमियन खाली वाकला, बोटं मातीत टेकवली, आणि तिने पुढचे दोन तास चौकट हलवली तर फक्त त्याच्यासाठी. तो पुढे सरकला की पुढे, मागे आला की मागे. चेंडू कुठे जात होता ते तिला लोकांच्या आवाजावरून कळत होतं. डेमियनलाही तसंच कळत असणार.

तिच्या मनात एक भीती होती, आणि ती तिने स्वतःशी नीट शब्दांत मांडली होती. पत्र तर त्याने वाचलंच आहे. सरांनी काय केलं ते त्याला न सांगता कळलं असेल. त्याने एकदाच, एकाच डावात, अर्धं पाऊल उशीर करावं, एवढंच पुरे होतं. मागून येणारा पोरगा ब्रेटच्या पाठीत पूर्ण वेगाने शिरला असता, आणि घसरलो म्हणून सांगता आलं असतं. कुणालाही पटलं असतं. आणखी खोल बघितलं असतं तर ती भीती आहे की इच्छा, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिने तेवढं खोल बघितलं नाही.

शेवटचे चाळीस सेकंद उरले होते. कॅल्डर चार गुणांनी मागे होतं आणि संघ मचाणाच्या दिशेने येत होता, त्यामुळे आता पोरांचे चेहरे समोर होते. चेंडू हलला. डेमियनसमोरचा मुलगा बाहेरून आला, थांबला, आतून घुसला. डेमियन पाय न उचलता सरकला, तळवे त्याच्या छातीवर ठेवले आणि तिथेच धरून राहिला. त्याच्या मागे ब्रेटने चेंडू एकदा थोपटला. चुकीच्या बाजूला बघितलं. परत वळला. त्या मुलाने तिसऱ्यांदा झेप घेतली, आणि डेमियनने त्याला पुन्हा अडवलं. हेल्मेटच्या जाळीआड त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

मग चेंडू गेला. चौकटीच्या वरच्या कडेतून बाहेर गेला आणि आयरीनच्या थेट पायांखाली, मचाणापासून पंधरा हातांवर, कॅल्डरच्याच कुणाच्यातरी हातांत पडला. सगळं गाव एकदम ओरडलं. मचाणाचे पाइप थरथरले. खाली पोरं एकमेकांवर पडत होती, बँडवाल्यांनी ठोकायला सुरुवात केली होती. आयरीनचा हात स्क्रूवर होता. तिने तो फिरवला नाही.

कॅमेऱ्याच्या काचेत डेमियन होता. त्याने आपल्या समोरच्या मुलाला हात देऊन उठवलं. मग आवाज कुठून येतोय ते बघायला मान वर केली, आणि क्षणभर सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

ती शिडी उतरून खाली आली तेव्हा गेरी तिथे उभा होता, ओला, घोगरा, हसत. त्याने तिला मिठी मारली.

"मिळालं ना? शेवटचं मिळालं ना तुला?"

"मिळालं," आयरीन म्हणाली.

पाच वाजेपर्यंत प्रयोगशाळेत तिने दोन यंत्रं जोडून टेपची प्रत काढली. मूळ टेप पाकिटात घातली, त्यावर विद्यापीठाचा पत्ता, डेमियनचं नाव, जर्सीचा आकडा आणि 'संपूर्ण सामना, न कापता' एवढं लिहिलं, आणि घरी जाताना टपालपेटीत टाकली. पाकीट आत पडल्याचा आवाज येईपर्यंत ती थांबली.

रविवारी आईकडे जेवण होतं. कोबी-नूडल्स झाल्या, अक्रोडाचा रोल कापून झाला, आणि गेरीने आईची खुर्ची टीव्हीपुढे ओढली. ब्रेट गालिच्यावर पाय पसरून बसला. त्याच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. मचाणावरची फिल्म त्याने कधी पाहिलेली नव्हती. ती फिल्म सोमवारी प्रयोगशाळेत रांगेची पोरं बघत, आणि फेकणारे-पळणारे जिममध्ये दुसरी बघत. तशीच पद्धत होती.

पहिल्या पाच मिनिटांत गेरीचा चेहरा उतरला. त्याने बहिणीकडे बघितलं. ती आईच्या कॉफीत साखर ढवळत होती.

"आमचा ब्रेट कुठला यात?" आई डोळे बारीक करून म्हणाली.

"मागे. तो बघ, आजी, मागे उभा आहे तो मी."

"आणि हा पुढचा? तुझे आजोबा उभे राहायचे बघ अस्सेच. कोण हा?"

गेरीने घसा खाकरला. "आहे एक पोरगा, आई. टेप पुढे घेऊ का? शेवट बघ."

"राहू दे ना, बाबा," ब्रेट म्हणाला. तो पुढे सरकून बसला होता. बर्फाची पिशवी गालिच्यावर घसरली होती. "आत्या, एक मिनिट. जरा मागे घे. हा डाव परत."

आयरीनने मागे घेतलं. चेंडू हलला, आणि ब्रेट पुटपुटू लागला, "एक... दोन... तीन..." चारच्या पुढे गेल्यावर तो थांबला. पुढच्या डावाला त्याने पुन्हा मोजलं. मग त्याच्या पुढच्या. आता तो स्वतःकडे बघत नव्हता.

शेवटची फेक आली आणि चौकटीबाहेर गेली. पडद्यावर डेमियनने एका मुलाला हात देऊन उठवलं, मान वर केली, आणि त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांकडे बघितलं.

"हे मला कुणी दाखवलंच नाही," ब्रेट म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. तो वळला. "बाबा, आधीच्या मॅचच्या अशा टेप कुठायत?"

गेरीने बशीतला रोलचा तुकडा उचलला, त्याच्याकडे बघितलं, आणि परत ठेवला.

"अरे," आई म्हणाली, "तो काहीतरी विचारतोय तुला."